सही येणाऱ्या बाईचा अंगठा

परवा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका तरुण मास्तरांनी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं, की हस्ताक्षराचे दिवस संपले. म्हणे आता चांगल्या अक्षराला मार्क देणं म्हणजे बैलगाडीला इंडिकेटर बसवणं. सगळे हसले. मी शाळेत क्लार्क आहे, दिवसभर कम्प्युटरवर टाइप करते, म्हणून त्यांनी मलाच साक्षीला धरलं. मॅडम, तुम्ही तरी शेवटचं हातानं कधी लिहिलं, सांगा. माझं डोकं असं फिरलं की अर्धा चहा तसाच ठेवून मी उठले. त्यांना वाटलं, गंमत झोंबली मला. आता त्यांना काय कप्पाळ सांगू? माझा कम्प्युटरवर राग नाही, माझं पोटच त्याच्यावर आहे. माझा राग सेनगावातल्या त्या दुपारचा आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

माझी माय मेंढरामागं हिंडलेली बाई. शाळेचं तोंड तिनं पहिल्यांदा पाहिलं ते मला पहिलीत घालायला आली तेव्हा. हेडमास्तरांनी तिला काही विचारलं नाही. तिचं नावसुद्धा माझ्या बापाला विचारलं, आणि शाईचं पॅड तिच्यापुढं सरकवलं. ती अंगठा देऊन बाहेर आली आणि हापशावर जाऊन विटकरीच्या तुकड्यानं तो घासत बसली. ती शाई काय अशी जाते? पुढं बाजाराच्या दिवशीही ती अंगठा पदरात घेऊन हिंडत होती. मला वाटलं, मायला काही लागलं.

मग तिनं माझी कोपरा फुटलेली पाटी उचलली. दुपारी मेंढरं लिंबाच्या सावलीला बसली की माय पाटी मांडीवर घ्यायची. तिला बाराखडी नको होती, तिला तिचं नाव पाहिजे होतं. मी शाळेतून आले की एक अक्षर काढून द्यायची, ते ती दुसऱ्या दिवशी गिरवायची. बायका विचारायच्या, काय गं, मेंढरांची हजेरी घ्यायला लागलीस का? माझा बाप म्हणायचा, आता आपल्या घरात तहसीलदारीण निघणार. ती आपली गिरवत राहायची. दिवाळी गेली, उन्हाळा लागला, तेव्हा कुठं तिचं पूर्ण नाव तिच्या हातात आलं. त्या नादात बाकीची अक्षरंही तिनं उचलली, आणि बोट ठेवून वाचायलाही लागली.

तेव्हापासून तिनं अंगठा दिला नाही. ग्रामपंचायत असो, बँक असो, सही. तिची सही म्हणजे आपल्यासारखी ओढलेली रेघोटी नव्हे. एकेक अक्षर बसवायचं, सगळी झाली की वरची रेघ एका दमात ओढायची. तेवढ्या वेळात मागच्या माणसांना जांभया यायच्या. कॅशियर म्हणायचा, मावशी, आटपा. ही आटपायची नाही. बचत गटात आधी ती एकटीच सही करायची. मग तिच्या ईर्ष्येनं आणखी दोघीतिघी शिकल्या, आणि त्या शिकल्या याचा तिला माझ्या नोकरीपेक्षा जास्त तोरा होता.

बाप गेला आणि तिला निराधाराचा पगार सुरू झाला. सरकारी मदतीला आमच्याकडं पगारच म्हणतात. त्यासाठी दरसाल हयातीचा दाखला लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे दाखवून यायचं. आधी ती सही करून मोकळी व्हायची. यंदा निरोप आला, सगळं ऑनलाइन झालंय, सेंटरवर जावं लागंल, नाहीतर पगार बंद. मी रजा टाकली आणि हिंगोलीहून एसटीनं सेनगावला पोचले. माय गावाकडून जीपनं आली होती. ठेवणीतलं लुगडं, कमरेच्या बटव्यात पेन. ते पेन तिनं आदल्या दिवशी घासून, चालतंय का बघून आणलेलं.

सेंटरवरच्या पोरानं मशीन पुढं केली आणि म्हणाला, आजी, अंगठा ठेवा. मायनं पेन काढलं. तिनं त्याला समजावून सांगितलं, की मला सही येते. तो हसला. वाईट नव्हता हसला, पण हसला. म्हणाला, सहीचं काय करायचं आजी, मशीनला सही कळत न्हाई. मी म्हणाले, ठेव माय, ही मशीन वेगळी, हिला शाई लागत नाही. माझ्या शब्दाखातर तिनं ठेवला. लाल दिवा. पुन्हा लाल. दोर वळून, निंदून, दगडधोंडे उचलून त्या बोटांवर रेघा राहिल्यात कुठं? पोरगा म्हणाला, केसावर घासा. मग म्हणाला, ओल्या फडक्यानं पुसा. शेवटी त्यानं तिचा अंगठा आपल्या चिमटीत धरला आणि मशीनवर दाबला. तिचा हात असा लुळा पडला होता, की मला त्या पोराच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला.

तरी लाल. मग तो म्हणाला, काळजी करू नका, ठसे जुळत नाहीत असा अर्ज देऊन टाकू. खटखट केलं, कागद काढला. मायनं कागद घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागली. खाली येऊन बोट थांबलं. तिथं छापून आलं होतं: अर्जदाराची निशाणी, डावा अंगठा. आणि त्या पोरानं शाईच्या पॅडचं झाकण उघडलेलंही होतं.

तिला सही येते हे त्यानं आत्ताच ऐकलं होतं की नाही? ऐकलं होतं. पण डोक्यावर पदर, हातावर गोंदण, गाव आडवळणाचं. अशी बाई दिसली की आमच्याकडं पॅडचं झाकण आपोआप उघडतं. चांगली शिकली-सवरलेली माणसंही हेच करतात, आणि कोणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. मायनं पॅड बाजूला सारलं.

मी त्याला म्हणाले, ती ओळ बदल. तो म्हणाला, फॉरमॅट वरून आलाय, बदलता येत नाही. अरे, कोणाला सांगतोस? मी दिवसभर हेच धंदे करते. दोन शब्द खोडून तिथं सही लिहायला काय लागतं, मला ठाऊक नाही का? मी सरळ म्हणाले, ऊठ, मी बदलते. तो कीबोर्डवर हात ठेवून बसला. मागची रांग वैतागली. एक बाबा म्हणाले, बाई, काहून तकलीफ देता, लावू द्या अंगठा, त्यानं काय झिजतंय. मी वळून त्यांच्याकडं असं पाहिलं की ते दुसरीकडं बघायला लागले. पगार बंद पडला तर मी घालीन तिला खायला, तो प्रश्नच नव्हता. पण जे तिनं मेंढरामागं बसून कमावलं, ते हे लोक तिच्या हातातून परत काढून घेत होते, आणि वर तिलाच म्हणत होते, आजी, हट्ट करू नका.

शेवटी त्या पोरानं कंटाळून आपला मोबाइल उचलला आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरला. आजी, इकडं बघा, डोळे मिटा, आता उघडा. पापणी लवली आणि हिरवं झालं. म्हणजे काम मोबाइलवर होत होतं. आधीपासूनच होत होतं! पापणी हलली म्हणून माझी माय जिवंत. अहो, पापणी तर शेळीचीही हलते.

दोन पावत्या निघाल्या, एक आमची, एक सेंटरची. मायनं विचारलं, सही कुठं करू? तो म्हणाला, कुठंच नाही, झालं काम. तिनं सेंटरची पावती ओढली, काउंटरवर सरळ केली आणि खालच्या कोऱ्या जागेत पहिलं अक्षर काढलं. मागून कोणीतरी चुळबुळ केली. मी काउंटरवर हात आडवा टाकून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ज्याला घाई असंल त्यानं उद्या यावं.

“आजी, हे कोणी बघनार न्हाई,” तो पोरगा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मायनं मान वर केली नाही. “नको बघू दे. पर म्या जित्ती हाय, हे म्या माझ्या हातानं लिवून देऊन राहिले,” ती म्हणाली, आणि तिनं आडनाव लिहायला घेतलं.