आमच्या कोर्टावरच्या दोघी

या वहीत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतील, अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, आणि रोलर ओढून ओढून बोटं जड झालीत. लेकीची जुनी वही अर्धी कोरी होती म्हणून लिहायला घेतलं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

मी लग्न होऊन विदर्भातून येरवड्यात आले आणि एका टेनिस क्लबात कामाला लागले. तिथे लाल मातीची कोर्टं आहेत. सकाळी माती झाडायची, पाइपने पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. लेक तिथेच वाढली. सभासदांचे चेंडू गोळा करता करता कुणीतरी तिला जुनी रॅकेट दिली आणि क्लबातल्या कोच सरांनी फुकट शिकवायला घेतलं.

त्याच सरांकडे क्लबाच्या सभासद असलेल्या एका मॅडमची मुलगी शिकायची. दोघी एका वयाच्या. दहाव्या वर्षी पहिल्यांदा समोरासमोर आल्या, तेव्हा माझ्या लेकीला एकही गेम मिळाला नाही. ती मुलगी चेंडू असा मारायची, की फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. पुढे दोन वर्षं तेच. हरली की लेक बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. मी विचारायची, "किती झाले गं?"

"तीन."

तीन गेम, म्हणजे मागच्यापेक्षा एक जास्त. मला तेवढ्यानेही बरं वाटायचं.

लेकीच्या हातात तेवढा जोर नव्हता. मग ती आलेला प्रत्येक चेंडू नुसता परत पाठवायला लागली. ओल्या मातीवर चेंडू जरा संथ येतो, पळायला वेळ मिळतो. पाणी भरपूर मारायची मला सवय. क्लबातले एक आजोबा रोज म्हणायचे, "मावशी, आम्हाला टेनिस खेळायचंय, भात लावायचा नाहीये." त्याच मातीवर लेकीचा खेळ घडला. बाराव्या वर्षी ती जिंकली. मॅडमच्या मुलीने रॅकेट आपटली आणि महिनाभर तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस आपणहून माझ्याकडे आली. "मावशी, तिला पाठवा ना खेळायला. दुसरं कुणी माझे चेंडू परतच करत नाही."

तेव्हापासून दोघी रोज एकत्र सराव करायच्या आणि स्पर्धेत एकमेकींना हरवायच्या. सोळाव्या वर्षी राज्यातला पहिला आणि दुसरा नंबर या दोघींचेच असायचे, कुठला कुणाचा तेवढंच बदलायचं.

त्याच वर्षी लेकीला दिल्लीला खेळायला जायचं होतं. प्रवास, राहणं, बूट, रॅकेटच्या तारा बदलून घेणं म्हणजे गटिंग, सगळाच खर्च. मॅडमनी न मागता चाळीस हजार काढून दिले. "सावकाश द्या," म्हणाल्या.

ती दिल्लीहून आली आणि महिन्याभरात आमच्याच क्लबात राज्य स्पर्धेची फायनल लागली. समोरासमोर याच दोघी. ज्यांचे पैसे घेतले, त्यांच्याच मुलीला त्यांच्यासमोर हरवायचं, हे मला बरं वाटेना. लेकीला हर म्हणून सांगणं जमलं नसतं. मी त्या सकाळी कोर्टावर पाणीच कमी मारलं. कोरड्या मातीवर चेंडू सुसाट जातो, जोरात मारणारीचं फावतं. निम्म्यावरच मी नळ बंद केला.

पहिला सेट लेक सहा-दोन हरली. मी माती सारखी करायला कोर्टावर गेले. ती टॉवेलने तोंड पुसत हळूच म्हणाली, "आई, पाणी किती मारलंस?"

"मारलं की."

"रोजच्याएवढं?"

मी रेघा झाडत राहिले.

"पैसे मी फेडीन," ती म्हणाली. "तू असे नको फेडूस."

तेवढ्यात मॅडमची मुलगी पंचांकडे गेली. "सर, धूळ किती उडतेय! पाणी मारू द्या ना." कोरडं कोर्ट तिच्याच फायद्याचं आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पंचांनी लेकीला विचारलं, तिने हो म्हणून मान हलवली. मागून आजोबा ओरडले, "लावा मावशी, आज भातच लावा!"

मी रोजच्यासारखं पाणी मारलं.

दुसरा सेट लेकीने घेतला. तिसरा सात-पाच. शेवटचा चेंडू इकडून तिकडे किती वेळ चालला होता कोण जाणे, अखेर तो त्या मुलीच्या बाजूला नेटमध्ये अडकला. तिने लेकीच्या पाठीत धपाटा घातला. "पुढच्या वेळी बघतेच तुला." मला रडू यायला लागलं म्हणून मी पाइप गुंडाळायला मागे गेले.

मॅडम तिथे आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मावशी, माझ्या मुलीला असली मेहेरबानी नकोय. तुमची मुलगी चांगली खेळावी म्हणून पैसे दिले मी. ती मागे पडली तर माझी कुणाशी खेळणार?" त्या रागावल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं.

पुढे त्या मुलीने सर्व्हिस करायची पद्धत बदलली आणि माझ्या लेकीला सलग चार वेळा हरवलं. मग ती परदेशी शिकायला गेली, तिथल्या कॉलेजकडून खेळते. लेकीला खेळाडूंसाठी राखीव जागेवर नोकरी लागली, तिच्याही स्पर्धा चालूच आहेत. मॅडमची मुलगी सुट्टीत आली की पहाटे दोघी कोर्टावर हजर. कोर्ट मी तयार करते आणि मग खुर्ची घेऊन बसते. पूर्वी झाडामागे उभी राहून बघायची.

लेक आधी बक्षिसातून, मग पगारातून थोडे थोडे पैसे देत आली. शेवटचे पाच हजार द्यायला मला सोबत घेऊन गेली, नारायण पेठेत मॅडमच्या घरी. मॅडमनी पाकीट तसंच टेबलावर ठेवलं आणि चहाचं विचारायला लागल्या. एरवी मी गप्प बसले असते.

"मोजा ना मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा लावला आणि एक एक नोट मोजली.

"चाळीस हजार पूर्ण झाले हं," त्या म्हणाल्या.