टाकीतलं गाणं

गोपीनाथ साळवेंना देवानं गळा भरभक्कम दिला होता, सूर द्यायचं काम मात्र बहुधा उद्यावर ढकललं होतं. रविवारी चर्चमध्ये त्यांनी तोंड उघडलं की पेटीवाला कावराबावरा होऊन भलतीच पट्टी धरायचा.

पोटासाठी साळवे अवधपुरी वसाहतीत पाण्याच्या टाक्या धुवायचे. गच्चीवर चढायचं, चपला काढून टाकीत उतरायचं आणि गाळ खरवडायचा. आत एकदा उतरले की मनसोक्त भजन म्हणायचे, आणि टाकी तो आवाज असा काही घुमवायची की खाली भाजी घेणाऱ्या बाया भाव करायचं विसरायच्या.

पण साळवेंना करायची होती देवाची सेवा. आणि सेवा म्हणजे मंडळीपुढे उभं राहून एकट्यानं गाणं, यावर ते ठाम. त्यांनी लकडा लावून लावून गायनाच्या प्रमुख वासंतीबाईंचा जीव नकोसा केला. शेवटी त्या म्हणाल्या, "गोपीनाथभाऊ, प्रभू अंतःकरण बघतो. पण मंडळीला कान आहेत हो!"

साळवे रुसले. घरी ताटावर बसेनात. "लोकांचं शेवाळ काढण्यातच जन्म जायचा माझा," ते बायकोला म्हणाले.

"मग काय लोकांनी शेवाळ प्यावं?" सिंधूताईंनी पोळी ताटात टाकली. "जेवा मुकाट्यानं."

ईस्टरला पाळकसाहेबांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. पाळकसाहेब झगा सावरून उभे, बाळ नव्या झबल्यात, पाहुणे कडक इस्त्रीत. चर्चच्या नळाखाली भांडं धरलं, तर आलं हिरवट पाणी आणि त्यामागून कबुतराचं बारीकसं पीस. सगळ्यांच्या माना साळवेंकडे वळल्या.

साळवेंची नजर गच्चीकडे गेली. साऱ्या अवधपुरीच्या टाक्या धुतल्या, पण इथल्या गच्चीवर ते कधी चढलेच नव्हते. एवढी वर्षं नजर होती ती फक्त त्या गाण्याच्या जागेवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"पानी की बोतल मंगवा लेते हैं," एक पाहुणे म्हणाले. तोवर साळवे कोट काढून शिडी चढायलाही लागले होते.

पाळकसाहेबांनी वर पाहिलं. "बाटली नको. आपला माणूस वर गेलाय, थांबू या."

टाकीत ब्रश फिरू लागला आणि सवयीनं गाणंही सुटलं. ते शिडीच्या वाटेनं खाली उतरलं, भरदार आणि घुमत. पेटीवाल्यानं भीतभीत पट्टी धरली, ती चक्क जुळली. वासंतीबाईंनी मान खाली घालून सूर मिळवला आणि मग सगळी मंडळीच गाऊ लागली. बाळ तेवढं झोपून गेलं.

मोटर लावली, टाकी भरली, पाणी नितळ आलं. कपाळावर पाणी पडताच नातीनं जो टाहो फोडला, तो थेट साळवेंच्या रविवारच्या पट्टीतला.

"साळवे, आजची उपासना तुम्ही वरूनच सुरू केलीत," पाळकसाहेब म्हणाले. चिखलानं माखलेल्या साळवेंना रडू आवरेना.

वासंतीबाईही विरघळल्या. "पुढच्या रविवारी एकट्यानं गाल?"

साळवेंनी नाक पुसलं. "नको बाई. टाकी आत आणायची तर दरवाजा तोडावा लागेल."

सोमवारी अवधपुरीतल्या पहिल्या टाकीपाशी त्यांनी चपला काढल्या. रोजच काढायचे. त्या दिवशी मात्र चर्चच्या पायरीवर ठेवतात तशा जोडीनं नीट ठेवल्या, आणि मग आत उतरले.