पन्नास लिटरला किती टोपणं

दोन हजार सालच्या आसपास जव्हारला माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. कुर्ल्याला दुसऱ्याच्या टाक्या सहा वर्षं घासून हा धंदा शिकलो आणि गावी पोशेऱ्याला परत न जाता जव्हारला गाळा घेतला. घाऊकवाल्याशी दोन-दोन रुपयांसाठी भांडून माल आणायचो.

एका सरकारी कार्यालयात साहेबांच्या खोलीत मी बसवलेली दोनशे लिटरची टाकी होती. दर शनिवारी त्यातलं पन्नास लिटर पाणी बदलायचं, ते आवारातल्या विहिरीचं. विहिरीचं पाणी चांगलंच, असं सगळे धरून चालत. पण पावसाळ्यात जंतू मारायला विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतात. ती माणसाला वाचवते आणि माशांचे कल्ले जाळते. म्हणून पाण्यात उताऱ्याचं औषध घालावं लागतं. तिथल्या शिपायाला मीच शिकवलं होतं, एका वेळी एक टोपण.

पुढच्या वर्षी कार्यालयाने या औषधासाठी तीन कोटेशनं मागवली. तिथला हेडक्लार्क माझा सख्खा मामेभाऊ. त्याला हिशेब मांडून दाखवला. माझी बाटली लहान, एकशेवीस रुपयांची, पण वीस आठवडे पुरते. दुसरी मोठी, साठ रुपयांची, पण तिची दर वेळी दहा टोपणं लागतात, पाच आठवड्यांत संपते. वीस आठवड्यांचे होतात दोनशेचाळीस.

"बाटलीचा दर लिही," तो म्हणाला. "टोपणांचा रकाना नाही आमच्याकडे."

"दादा, रकाना नसेल, डोकं तर आहे ना?"

"ते घरी ठेवूनच सही करतो मी. तू पण शिक."

काम वह्या-पेनं विकणाऱ्याला मिळालं. त्याने आयुष्यात टाकी पुसली नव्हती.

जूनमध्ये शिपाई बाजारात भेटला. नवी बाटली चांगली मोठी आहे म्हणाला. टोपणं किती घालतोस, मी विचारलं.

"तुम्ही शिकवलं तेवढंच. एक."

दहा घाल, एवढंच सांगायचं होतं. पण मामेभावाचं ते बोलणं अजून डोक्यात होतं. मी भाजीवालीकडे वळलो आणि मेथीच्या जुडीचा भाव पाडत बसलो.

विहिरीत पावडर पडली त्या आठवड्यात शनिवारी पाणी बदललं. सोमवारी साहेबांनी दार उघडलं तेव्हा अठराही मासे पाण्यावर उताणे होते. शिपायाने खरं तेच सांगितलं, एक टोपण मीच शिकवलं होतं. दुपारपर्यंत गावभर झालं की माझ्या सांगण्याने मासे मेले. माझी गिऱ्हाइकं म्हणजे अशीच कार्यालयांतली माणसं आणि शाळांतले गुरुजी.

मी तरातरा कार्यालयात गेलो. सगळ्या बाबूंसमोर मामेभावाला सुनावलं की माझं टोपण माझ्या बाटलीचं होतं. तुझ्या स्वस्त बाटलीची दहा लागतात आणि हा एकच घालत होता.

त्याने चष्मा काढला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

शिपाई दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता.

दिवाळीनंतर गाळा सोडला. कोटेशनचं काम मामेभावाने बुडवलं, हे मी आजही कुणालाही सांगतो. तो शिपाई समोरून येताना दिसला, की मात्र मी रस्ता बदलतो.