वाती वळणारी बोटे

श्रीगजाननास आणि श्रीशारदेस वंदन करून या ओळी लिहीत आहे. आज आमच्या घरी माझ्या चिमुकल्या पणतीचा अक्षरारंभ झाला. ताटातल्या तांदळांवर तिचे बोट धरून मी ‘श्री’ काढवून घेतला. ते इवले बोट हाती असताना फार पूर्वीच्या एका मुलीच्या हाताचे स्मरण झाले.

तेव्हा निजामी राजवट होती. परतूरजवळच्या एका गावी, महादेवाच्या देवळाच्या ओवरीत मी मुलांना बाळबोध अक्षरे शिकवीत असे. सरकारी शाळा परतूरला, आणि तेथील शिक्षण उर्दूतून. म्हणून गावाने ही सोय केली होती. दसऱ्याच्या पाटीपूजनानंतर एक शेतकरी आपल्या लहान मुलीला घेऊन आला. मुलींनी शिकावे, अशी रीत त्या गावात नव्हती.

“हिनंच हट्ट धरलाय, गुरुजी,” तो म्हणाला. “दिवाळी झाली की कापसाची वेचणी लागते. तवर हिला श्री काढता आला तर बसू द्या. न्हाई तर मंग शेतात हिचा हात बराबर चालतो.”

“आला तर बसू देता ना, आबा?” मुलीने विचारले.

“शब्द दिला.”

खुरपे धरावे तशी ती पेन्सिल मुठीत धरी. सारा जोर खांद्यातून येई. पेन्सिल मोडे, पाटीवर ओरखडे उठत. मग मी धूळपाटी पुढे ठेवली. फळीवर बारीक माती पसरून तीत बोटाने अक्षर काढायचे. पण तिचे बोट माती उकरून थेट लाकडाला भिडे. हात धरून गिरवून घेतले, तर हात सोडताच रेघ नांगराच्या तासासारखी सरळ निघे. श्रीला तर सगळीकडे वळणे. दिवाळी जवळ येत चालली होती.

आमच्या शाळेचा एक नेम होता. दर सोमवारी पाठाआधी मुलांनी महादेवाच्या निरांजनासाठी फुलवाती वळायच्या. ती देवाची सेवा, इतकेच मी समजत होतो. एका सोमवारी माझी दृष्टी त्या मुलीच्या हाताकडे गेली. अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत कापूस अलगद फिरत होता. खांदा स्वस्थ होता. मी ती वात काढून घेतली आणि त्याच चिमटीत पेन्सिल ठेवली.

“ही वात समज.”

“दगडाची वात कुठं असती का, गुरुजी?”

“जोर केलास तर तुटेल.”

“माझी एक बी वात तुटली न्हाई अजून.”

त्या दिवसापासून ती रोज आधी वाती वळू लागली, मग पाटी घेऊ लागली. मुले हसत. “गुरुजी, ही शिकायला आली का पुजारीण व्हायला?” ती पुढची वात वळायला घेई. श्री पहिल्यांदा पोट फुगलेला आला, नंतर आडवा पडलेला.

दिवाळी झाली आणि तिचे वडील आले. खांद्यावर वेचणीच्या दोन झोळ्या होत्या. एक मोठी, एक नवी शिवलेली, लहान. त्यांना वाचता येत नव्हते. देवळाच्या चौकटीवर शेंदराने रंगवलेला श्री होता, त्याखाली त्यांनी मुलीला बसवले. तिने अक्षर काढले. ते एकदा पाटीकडे बघत, एकदा चौकटीकडे.

“शेपूट वाकडं हाय.”

“आपला बैल तरी कुठं सरळ चालून राह्यला, आबा.”

 मग त्यांनी लहान झोळीची घडी करून कमरेला खोवली.

“शब्द दिल्ता,” इतकेच मला म्हणाले, आणि एकटेच शेताकडे गेले.

आज तांदळांचे ताट मांडण्याआधी मी पणतीकडून एक वात वळवून घेतली. ती वेडीवाकडी झाली, तरी तीच निरांजनात लावली.

वाचकहो, तुमच्या देव्हाऱ्यात दिवा तेवत राहो, घरातल्या लेकरांच्या बोटांत शारदेचा वास असो, आणि त्यांचा हात धरणाऱ्यांना परमेश्वर धीर देवो.