चिंचेने धुतलेली काडतुसं

आजोबांच्या रायफलीबद्दल तुम्ही दोघांनी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे. मोठ्याला निम्मी हकिगत माहीत आहे, कारण तो स्वतःच तिच्यात होता. धाकटीने परवा फोनवर विचारलं की आजोबांनी ती पोलिसांना का देऊन टाकली, आणि देताना एवढं गप्प होण्यासारखं त्यात काय होतं. दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते. पहिल्यापासून लिहिते, मधूनच सुरू केलेलं मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

रायफल तुमच्या पणजोबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. त्यांची शेती देवळ्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. देवळाली कॅम्पातला एक गोरा साहेब मायदेशी परत जाताना सामान विकत होता, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली. साहेबाच्या इतर बंदुका मोठ्या आणि देखण्या होत्या म्हणे. सासऱ्यांनी त्यातली सगळ्यांत साधी उचलली. आखूड, हलकी, खांद्याला अडकवून दिवसभर चालता येईल अशी. चापाभोवती लोखंडाची लांबट कडी होती. ती खाली ओढून वर केली की रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि नवं आत बसायचं.

त्या काडतुसाचं नाव थर्टी-थर्टी. मापाने करंगळीएवढं, पितळेचं, मानेपाशी किंचित निमुळतं. गोळीचं टोक मात्र बोथट. मी नवी नवरी असताना त्याचं कारण विचारलं होतं, तेव्हा सासऱ्यांनी काडतुसं चटईवर एकामागे एक मांडून दाखवली. रायफलीच्या पोटातल्या नळीत ती अशीच झोपतात, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकून. टोक अणकुचीदार असेल तर एखाद्या धक्क्याने ते पुढच्याच्या बुडातल्या टोपीवर आपटून आतल्या आत बार उडायचा. सुनेने असलं काही विचारलं याचा त्यांना आनंद झाला होता. शेजारी उभ्या सासूबाईंना तो तितकासा झाला नव्हता.

मी नाशिकच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, शिकार मला कधीच आवडली नाही. पण त्या काडतुसावर त्यांचा जीव का होता, ते मला समजलं. ते फार लांब जात नसे. पुढे कितीतरी जोरकस काडतुसं निघाली, दुसऱ्या डोंगरावरचं जनावर पाडणारी. सासऱ्यांचे मित्र ती वापरायचे आणि यांना चिडवायचे, की अजून बैलगाडीतच बसता का. ते हसून म्हणायचे, "जवळ जाता नाही आलं तं घरी जायाचं." बहुतेक वेळा ते घरीच यायचे. वाऱ्याची दिशा पाहत, पाचोळा टाळत, दगडाआडून दगडाआड सरकत हरणाच्या इतकं जवळ जायचं की त्याचा हलणारा कान दिसावा, आणि मगच ठरवायचं. मला वाटतं, त्यांना बार टाकण्यापेक्षा ते जवळ जाणंच आवडत असावं. काडतूस तेवढं निमित्त.

तुमच्या आजोबांना त्यांनी कबूल केलं होतं की कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं की पहिला बार तुझा. ते वर्ष संपलं तोवर सासरे पडून पाय मोडून बसले होते. मग पुढच्या हिवाळ्यात, मग त्याच्या पुढच्या. आणि मग शिकारबंदीचा कायदा आला. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात रायफल पुसली, तेल दिलं आणि कपाटात ठेवली. परवाना चालू ठेवला, पण रायफल पुन्हा रानात नेली नाही. आजोबांनीही मागितली नाही. वडिलांनी जे थांबवलं ते आपण कसं मागायचं, असा त्यांचा स्वभाव. त्यामुळे रायफल त्यांच्या नावावर झाली, आम्ही नाशिकला राहायला आलो, सातपूरच्या कारखान्यातली त्यांची नोकरी संपली, तरी त्यांनी ती एकदाही चालवली नव्हती.

घरात रायफलीला दोनच कामं होती. एक निवडणुकीचं. निवडणूक लागली की परवानाधारकांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं. सासूबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून आजोबा ती घेऊन जायचे आणि निकाल लागल्यावर परत आणायचे. माहेरी जाऊन आली, असं मी म्हणायची. दुसरं काम खंडेनवमीचं. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. आमच्याकडे पाटावर विळा, कोयता, आजोबांचा पाना, माझी शिवणाची कात्री आणि मधोमध रायफल. तिच्यापुढे वाटीत पाच काडतुसं. पूजा झाली की आजोबा रिकाम्या रायफलीची कडी एकदाच खाली-वर करायचे. खट, खटाक. वर्षातून तेवढंच.

आता महत्त्वाचं. पूजेची काडतुसं मळकट कशी ठेवायची? सासूबाई देवाच्या घंटेबरोबर, समईबरोबर तीही चिंच आणि मीठ लावून घासायच्या, पाण्याने खळखळून धुवायच्या आणि परातीत घालून उन्हात ठेवायच्या. जपून, हळू, देवासारखी. सासऱ्यांच्या वेळी दरवर्षी नवी काडतुसं येत, त्यामुळे धुतलेली मागे राहत नसत. बंदीनंतर नवी आणलीच नाहीत. तीच पाच राहिली, आणि तीच दरवर्षी धुतली गेली. सासूबाईंनंतर मी धुतली. परातीपाशी बसून ती फिरवत राहण्याचं काम आजोबांचं, म्हणजे ऊन सगळीकडून लागेल. वर्षभर ती बिस्किटांच्या डब्यात कुलपात असत, डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी, 'पूजेची काडतुसं'. पाचही लखलखीत. आम्हाला त्याचा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी आजोबांचा हात थरथरायला लागला. चहा मी अर्धाच कप देते, म्हणजे सांडत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा तुमच्या बाबांना विचारलं. त्यांनी मेलबर्नहून शांतपणे सांगितलं की इतक्या लांबून त्यांना ती सांभाळता येणार नाही. बरोबरच होतं. आजोबांनीही लगेच मान्य केलं, दसऱ्याआधी जमा करून टाकू म्हणाले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

गणपतीच्या आधी, अमेरिकेत शिकायला गेलेल्या मोठ्याचा व्हिडिओ कॉल आला. आजोबा फोनवर तब्येत कशी, अभ्यास कसा, एवढं विचारतात आणि फोन माझ्या हातात देतात. त्या दिवशी नातवाने कॅमेऱ्यासमोर एक काडतूस धरलं. त्याच्या मित्राचे आजोबा हरणाच्या हंगामात रानात जातात, त्यांनी ते दाखवायला दिलं होतं. आजोबांनी चष्मा लावला आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

"थर्टी-थर्टी," ते म्हणाले.

त्यानंतर मला फोन मिळालाच नाही. तिकडे ती काडतुसं गावच्या दुकानात खिळे-बिजागऱ्यांशेजारी मिळतात, हे ऐकून आजोबा किती वेळ हसत होते. मित्राच्या आजोबांकडे नवीन, दुर्बीण लावलेल्या रायफली आहेत, पण रानात जाताना ते वडिलांची हीच घेतात. का, तर ती खांद्याला लागत नाही, झुडपांत अडकत नाही आणि आळस करू देत नाही. आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? हे तर आमच्या दादांचंच बोलणं." दादा म्हणजे तुमचे पणजोबा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, जगाच्या दोन टोकांच्या दोन म्हाताऱ्यांना तिच्याबद्दल एकच सांगायचं होतं.

मग नातवाने सहज विचारलं, "आजोबा, तुमचा पहिला नेम लागला होता का?"

आजोबा म्हणाले, "मला पहिला बार अजून मारायचाच आहे."

मला तोवर वाटत होतं की त्यांना रायफल जाण्याचं वाईट वाटतंय. ते तसं नव्हतं. ती न वाजवताच जाणार याचं वाटत होतं. जमा करायच्या आधी एकदा, कागदाच्या निशाणावर, एकच बार. कारखान्यातले त्यांचे एक जुने सहकारी नेमबाजीच्या एका क्लबशी संबंधित होते. त्यांनी रीतसर परवानगी मिळवली, दिवस ठरला. आजोबा सकाळी खुर्चीत बसून उशीवर कोपर टेकवून हात स्थिर ठेवायचा सराव करू लागले. मी भाजी निवडत समोर बसायची.

आदल्या दिवशी त्यांनी नातवाला आमची काडतुसं दाखवायला फोन लावला. मित्राचे आजोबाही शेजारी येऊन बसले होते. इकडे आमचं, तिकडे त्यांचं, असं दोन्ही पडद्यावर धरलं.

नातू म्हणाला, "आजोबा, तुमचं गुलाबी का दिसतंय?"

खरंच दिसत होतं. त्यांचं पिवळंधमक, बुडावरची अक्षरं ठसठशीत. आमचं तांब्याच्या गडूसारखं तांबूस, आणि बुडावर अक्षरंच नाहीत. इतकी वर्षं आम्ही त्याला चकाकी समजत होतो. ते गृहस्थ पुढे वाकले आणि विचारू लागले की हे कशाने पुसता. आजोबांनी चिंच म्हटलं. ते नातवाला इंग्रजीत सांगता येईना, म्हणून मी सांगितलं, की आंबट फळ असतं, आम्ही पितळ त्यानेच घासतो. त्यांनी हातातलं काडतूस खाली ठेवलं. मग त्यांनी अगदी आदराने समजावलं. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, आंबटाने ते हळूहळू निघून जातं आणि पितळ ठिसूळ होतं. कडी ओढून बसवाल, चाप दाबाल, आणि बार पुढे जाण्याऐवजी मागे, तुमच्या तोंडावर फुटेल. आतली दारू पाण्याने गेली असेल तर काहीच होणार नाही, पण गेली आहे की नाही ते वाजवल्याशिवाय कळायचं नाही. माझ्या भावाला सांगितलं असतं तेच सांगतो, ते म्हणाले, वाजवू नका.

इथे दुसरी मिळत नाहीत. तिकडे डबाभर होती, पण ती पाठवता येत नाहीत. नातू म्हणाला, येताना एक आणतो. आजोबांनी त्याला एवढ्या जोरात नाही म्हटलं की तो दचकला. विमानतळावर सामानात काडतूस सापडलं तर पोराचं काय होईल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं डब्याकडे बघत बसलो.

"आईने देव करून टाकलं त्यांना," आजोबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणि तूही."

"वाळवत कोण होतं?" मी विचारलं.

ते हसले, पण हात कपावरून काढून मांडीखाली घातला, थरथर दिसू नये म्हणून. क्लबातल्या मित्राला त्यांनी स्वतः फोन करून नको सांगितलं. नातवाचा त्याच रात्री निरोप आला, की मी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. आजोबांनी मला उत्तर लिहायला लावलं: "तू विचारलं नसतंस तर मी उद्या तोंडाजवळ बार फोडला असता. अभ्यास कर."

जमा करायला मीही बरोबर गेले. रायफल त्याच नऊवारीत. रिक्षात ते म्हणाले, "निवडणूक आहे असं समज." ठाण्यात एक तरुण महिला अधिकारी होत्या, आधीच्या वेळी त्यांनीच ती जमा करून घेतली होती. त्या सहज म्हणाल्या, "काका, आत्ता तर निवडणूक नाहीये." आजोबांनी परवाना टेबलावर ठेवला. काडतुसांचा डबा मी दिला, आणि ही वाजवू नका, खराब आहेत, असं दोनदा सांगितलं. त्यांनी वरची चिठ्ठी वाचली आणि डबा जपून बाजूला ठेवला. मग विचारलं, रिकामी आहे ना, खात्री करून घ्यायची आहे. आजोबांनी कडी खाली ओढली, वर केली. खट, खटाक. हात अजिबात हलला नाही. नऊवारीची घडी घालून ती त्यांनी पिशवीत परत घेतली.

खंडेनवमीला पाटावर मधली जागा रिकामी राहिली. तिथे दुसरं काही ठेवू का, विचारलं, तर राहू दे म्हणाले. समई, घंटा, पळी-पंचपात्र मी नेहमीसारखं चिंचेने घासलं आणि परात गच्चीत उन्हात ठेवली. थोड्या वेळाने पाहते तर आजोबा सवयीने परातीपाशी स्टूल घेऊन बसलेले.

तेवढ्यात मोठ्याने पाठवलेला व्हिडिओ आला. मित्राच्या आजोबांनी त्याला मोकळ्या माळावर नेलं होतं, कानाला संरक्षण लावून, समोर लाकडावर कागद चिकटवलेला. त्याने कडी खाली-वर केली. तो आवाज ऐकताच आजोबा ताठ बसले. मग बार झाला. मी समजत होते त्यापेक्षा लहान, कोरडा, आणि मागून डोंगरातून परत आलेला. आजोबांनी तो पुन्हा लावला, आणि पुन्हा. मग त्याला फोन केला. नेम लागला का, हे त्यांनी विचारलं नाही.

"कागद किती लांब होता?"

"पन्नास यार्ड, आजोबा. पण त्यांनी आधी चालत तिथपर्यंत नेलं आणि परत आणलं. म्हणाले, कशावर मारतोस ते आधी बघून ये."

"हं," आजोबा म्हणाले. "चांगल्या माणसाकडे आहेस."

फोन त्यांनी मला दिला आणि परातीतली घंटा उचलून दुसऱ्या कुशीवर ठेवली, म्हणजे खालच्या बाजूलाही ऊन लागेल.