कुसुमचा डावा पाय

हे म्या आजवर कोनाले सांगतलं नाही. बायकोलेही नाही. तुमाले काऊन सांगून राह्यलो, ते मले तरी कुठं ठाऊक हाये?

माहा पाय लहानपनी तापात गेला. नवा महाराष्ट्र झाला त्या सालांत पिंपळगाव राजाच्या स्टँडवर माहा पानठेला होता. माहं नाव महादेव — पन गावात ते नाव मेलं होतं. मारलं शेषरावनं. सरकीचा व्यापारी, तोंडाचा लय घाण. यष्टीतून मानसं उतरली, की मुद्दाम त्यायच्यासमोर हाक मारे — "ए दीडपाया, पान लाव बे!" मानसं हासत. पोट्टे तर माह्या मांगं माह्यावानी लचकत चालत. माह्या वरातीतही वरडला लेकाचा — दीडपाया घोड्यावर, आता पाय झाले साडेपाच! नवरीनं आयकलं हो. अन् म्या काय करत होतो? त्याच्या पानाले चुना जास्त लावत होतो, जीभ भाजावी म्हनून. तेवढीच माही मर्दुमकी.

आमच्याकडं सोयरीक जुळवाच्या आधी पोराकडचे गुपचूप चौकशी करतात — अन् करतात कुठं? स्टँडवरच्या ठेल्यावर. पान खाता खाता घर इचारतात, पोरगी इचारतात. माह्या शब्दावर कितीक लग्नं जुळले. खोटं कधी बोललो नव्हतो.

एक दिवस मेहकरकडचे दोघं उतरले. शेषरावच्या कुसुमसाठी. पोरगा मास्तर, घर चांगलं. कुसुम — तिनं मले कधी दीडपाया म्हनलं नाही. महादेवभाऊ म्हने. गावात ती एकटीच. तरी म्या चुना लावता लावता म्हनलं —

"पोरगी गुनाची हाये जी. डावा पाय तेवढा वढते. लुगड्यात दिसत नाही म्हना."

खोटं. निव्वळ खोटं. तिचे दोन्ही पाय धडधाकट होते. ते दोघं शेषरावच्या घरी न जाता आल्या पावली परतले. त्या दिवशी म्या पोटभर जेवलो.

बात पांगली. मंग जे पाहुने येत ते आधी म्हनत, पोरी, चालून दाखव. अजून एकडाव. लुगडं जरा वर घे. बाप बाजूले उभा राहे, खाली मान घालून. ती आपल्याच पायाकडं पाहात चालाले लागली — अन् असं पाहून कोन सरळ चालते? अडखळली. झालं, मंग खरंच ठरलं. पोट्टे आता तिच्या मांगं लचकाले लागले. नाव काय ठेवलं, सांगू? माहंच.

शेवटी लेकरं असलेल्या एका मानसाले दुसरेपनावर दिली. जातानी ठेल्यासमोर तिची गाडी थांबली. "येते, महादेवभाऊ," म्हनली. म्या पानं पुसत राह्यलो.

शेषराव त्यानंतरही पान खाले ये. पन तो शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निंगाला नाही. हळूच म्हने, महादेव, एक पान लाव.

खरं सांगू? त्याच्या तोंडून माहं नाव आयकलं की मले बरं वाटे. कुसुम आठवे — तरी बरं वाटे. अजूनही वाटते.