अठ्ठेचाळीस किलोची स्प्रिंग

"वजन किती?" हा त्याचा पहिला प्रश्न. नाव नंतर, गाव नंतर, आणि गाडीला काय झालंय हे तर त्याहून नंतर.

मी गाडी स्टँडवर लावून हेल्मेट काढतोय तोवर त्याने हे विचारलं आणि माझं डोकंच सणकलं. पन्नाशीच्या मास्तराला भर फाट्यावर, चहावाल्यासमोर कुणी वजन विचारतं का? "तुला काय करायचंय?" मी म्हणालो.

"मला नाय करायचं, गुरुजी. स्प्रिंगला करायचंय. मागं कोण बसतं?"

"कोणी नाही. बायको जीपने जाते."

त्याने हँडलवर दोन्ही तळवे ठेवले, मला सीटवर बसायला लावलं, एकदा दाबलं, सोडलं आणि म्हणाला, "ब्याण्णव." काय सांगू, बरोबर ब्याण्णव! डॉक्टरपासून लपवलेला आकडा या बाबाने चहावाल्याला ऐकवला.

किन्हवलीच्या अलीकडे एका फाट्यावर त्याची पत्र्याची टपरी होती. आमच्या भागातल्या रस्त्यांवरून रोज मोटारसायकल हाकणाऱ्याला पुढच्या शॉकअपचं दुखणं ठाऊक असतं. खड्ड्यात चाक गेलं की आत ठक्क वाजतं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या. नवा जोड घालायचा तर मास्तराचं कंबरडं वेगळ्याच कारणाने मोडतं. हा मिस्त्री कल्याणच्या भंगारातून जुन्या, मोठ्या गाड्यांच्या स्प्रिंगा वेचून आणायचा, रॉकेलमध्ये धुवायचा आणि आमच्या गाड्यांत बसवायचा. लांबी कमी पडली तर वर नळाच्या प्लॅस्टिक पाइपाचा तुकडा, वॉशर आणि जरा घट्ट तेल. झालं काम. भिंतीवर तारेत ओवलेल्या स्प्रिंगा टांगलेल्या असत आणि प्रत्येकीला चिठ्ठी. चिठ्ठीवर गाडीचं नाव नसायचं, माणसाचं वजन असायचं.

"कंपनीला काय म्हाईत तुमी कोण, कुठल्या रस्त्यानं जाता," तो म्हणायचा. "कंपनी समद्यांना एकच स्प्रिंग देते."

एकदा एका दूधवाल्याने घरीच हॅक्सॉ चालवून स्प्रिंगची दोन वेटोळी कापली. म्हणे, नरम होईल. मिस्त्रीने ती हातात घेतली आणि असा चेहरा केला की वाटावं, कुणाचं बोटच कापून आणलंय. "अरे, कापली का कडक होते रे ती! लांब होती तवा जरा हलत तरी होती. आता कुठं हलंल बिचारी?" दूधवाला हसला, मीही हसलो. तो हसला नाही.

दुपारी एक वाजला की टपरी बंद. कुणी कितीही गयावया करो. मला एकदा अर्धी खोललेली गाडी तशीच ठेवून चहावाल्याकडे बसावं लागलं. मी तणतणलो. चहावाला हळूच म्हणाला, "गुरुजी, त्याची बायको खाटेवर हाय. जाऊन जेवायला देतो, उठवून बसवतो." मी गुपचूप दुसरा चहा सांगितला.

तीन वर्षांपूर्वी ती पेंढ्याच्या उडवीवरून पडली. मणका सरकला. डोलीतून नेली-आणली, ऑपरेशन झालं, चार पावलं धरून चालायची, बसायची. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसता कामा नये. आणि त्यांच्या वाडीचा रस्ता तर निव्वळ धक्क्यांचाच. दगडगोट्यांचा, मध्ये ओढ्यावर अरुंद मोरी. जीप आत शिरत नाही. लोक म्हणाले, कुठं जायचं तर परत डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेऊ. ती म्हणाली, "जित्तेपणी पुन्यांदा चार जणांच्या खांद्यावर नाय जायाची." संपलं. तीन वर्षं ती घरात.

मी तिला भेटलो ते त्याच्या घरी, एका रविवारी. खाटेसमोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. ओटीवर त्याचे वडील, डोळे गेलेले. म्हातारबा हात चाचपडत चुलीपासून न्हाणीपर्यंत जाऊ शकत, कारण त्या घराचा कोपरा न् कोपरा त्यांच्या बोटांना ठाऊक. दुसऱ्या घरात ते एक दिवसही टिकत नसत. एकदा मुलीकडे नेलं तर दोन दिवस भिंती चाचपून रडले होते.

बाईंनी मला चहा विचारायच्या आधी विचारलं, "गुरुजी, मुरबाडात आता काय काय नवीन झालंय?" मी म्हणालो, विशेष काही नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "जुनं असंल ते सांगा." मग मी वेड्यासारखा स्टँडपासून बाजारपेठेपर्यंतची दुकानं सांगत बसलो. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला फार अवघडल्यासारखं झालं.

मग टोकावड्याहून, तिच्या माहेराहून निरोप आला. आईने अंथरूण धरलंय, लेकीचं नाव घेते.

त्या दिवसापासून मिस्त्री दुसऱ्या कुणाच्या गाडीकडे धड बघेना. आपल्या गाडीचे मागचे शॉकअप त्याने आधीच नरम करून घेतले होते. पण ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जायचं, मागचा माणूस पुढे घसरायचा, आणि तो हिसका नेमका कंबरेत. "पुढलं जमलं तरच तिला बसवीन," तो म्हणाला. "वजन अठ्ठेचाळीस. आजारानं पार उतरलीय."

अठ्ठेचाळीस किलो तांदूळ तोलून त्याने पोत्यात भरला आणि ते पोतं मागच्या सीटवर उभं बांधलं. मागून मी माझ्या गाडीवर. माझं काम काय, तर पोत्यावर नजर ठेवायची. एक शिकलासवरला मास्तर किन्हवलीच्या रस्त्यावर तांदळाच्या पोत्याचा पाठलाग करतोय! रस्त्याने विद्यार्थ्यांचे आईबाप भेटायचे, विचारायचे, "गुरुजी, कुठं?" काय उत्तर देणार?

थांबला की विचारायचा, "हललं का?"

"जरा डुललं."

"जरा म्हंजी किती? सांगा ना नीट. तिला जरा नाय चालायचं."

पहिल्या वेळी त्याने जाड तारेच्या स्प्रिंगा घातल्या. नाक खाली जाईना, पण बारीक खड्ड्यालाही पोतं उडायचं. मग पातळ तारेच्या घातल्या, तर मोरीवर ठक्क. तो टपरीत भिंतीला टेकून बसून राहिला. "कडक घातली का लागतं, नरम घातली का आदळतं," म्हणाला, "आमी मदीच अडकलो, गुरुजी." मी त्याला ओरडलो. चांगला मिस्त्री असून बायकांसारखा काय बसतोस, म्हणालो. म्हणालो खरा, आणि त्याच्या बायकोला आठवून माझी मलाच लाज वाटली.

पंधरा दिवसांनी तो कल्याणहून एक जोड घेऊन आला. कुठल्याशा मोठ्या, अपघातात चेपलेल्या गाडीचा. एका टोकाला वेटोळी दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. आधी मऊपणे बसते, मग हळूहळू आवळत जाते. वर पाइपाचा तुकडा त्याने चार वेळा घासून बसवला, दोघांच्या वजनावर बेतून. त्या दिवशी मोरीवरून पोतं असं गेलं जसं कुणी कडेवर घेऊन नेलं असावं. मी मागून बोंबललो, "नाही हललं रे!" तो वळून बघेना. खांदे हलत होते, तेव्हा कळलं, रडतोय.

भाताची झोडणी उरकल्यावर एका सकाळी ते निघाले, आणि पोत्यामागे जायचो तसा मी माझ्या गाडीवर मागोमाग. ती कंबरेला पट्टा बांधून, नऊवारीचा काष्टा घट्ट करून दोन्हीकडे पाय टाकून बसली. मोरीवर तो म्हणाला, "लागलं का गो?"

"नाय."

मुरबाडच्या बाजारातून जाताना ती मान वळवून वळवून दुकानं बघत होती. माळशेजच्या चांगल्या रस्त्याला लागलो तसं पुढून वाऱ्याबरोबर माझ्या कानावर आलं, "अवं, जरा जोरात चालवा की." तिचा पदर फडफडत होता. इतकी वर्षं मी त्या रस्त्याने जातोय, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

माहेरचं घर अगदी रस्त्यालगत. आईने तिचे गाल कुस्करले, दोघी रडल्या. दारात खाट टाकली. शेजारणी आल्या, भाच्या आल्या, एस.टी. गेली की कुणी ना कुणी हात करायचं. दुपार कलली तसा तो उठला. "चल गो, उजेडी पोचू."

ती खाटेवरून हलली नाही. "मी नाय येत."

"म्हंजी?"

"तुमी वाईट नाय. तुमी लई केलंत. पण तिथं मी भिंत बघते. इथं माणसं दिसतात मला." मग त्याचा हात धरून म्हणाली, "तुमीच या ना इकडं."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. वाडीतल्या ओटीवर म्हातारबा वाट बघत होते, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मीच तोंड घातलं. "राहू दे की चार दिवस. आईपाशी आहे." तो माझ्याकडे बघून मान हलवून एकटाच निघाला.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचे महिने. आईला तिच्या येण्याने उतार पडला, आणि ती तिथेच राहिली. हा दर रविवारी सकाळी म्हाताऱ्याचं जेवण झाकून टोकावड्याला जायचा, दुपारनंतर परत. भांडण नाही, रुसवा नाही. दोघंही खरी. मला आजही वाटतं, त्या दिवशी मी जीभ आवरायला हवी होती. आणि लगेच वाटतं, तिला परत त्या भिंतीसमोर बसवणारा मी कोण?

माझी बदली शहापूरकडे झाली. निघताना टपरीवर गेलो. त्याची दोन्ही मनगटं चिंध्यांनी बांधलेली. ती गाडी दोघांच्या वजनाची, आणि तो एकटा जेमतेम पंचावन्न किलोचा. रिकाम्या सीटने ती त्याला खड्ड्याखड्ड्याला उडवत होती. मी चिडलोच. "जगाच्या गाड्या नीट करतोस, स्वतःची का नाही? तो पाइपाचा तुकडा काढ, स्प्रिंग बदल. दहा मिनिटांचं काम."

"हाय दहा मिनटांचं," तो म्हणाला.

"मग?"

त्याने चिंधीला हात पुसले. "एखांद्या रविवारी ती म्हणाली, चला, जाऊ घरी... तर गुरुजी, तवा तिला रस्त्यात उभी करून स्प्रिंग बदलत बसू?"

तो रविवारच होता. त्याने किक मारली आणि निघाला. फाट्यापुढच्या पहिल्याच खड्ड्यावर गाडीचं पुढचं चाक उसळलं, तो सावरला, आणि एक हात मागे नेऊन त्याने रिकामी सीट चाचपली.